पहिला फेरफार

माझे वडील तलाठी होते. निवृत्तीला पंधरा वर्षं झाली, तरी कुठल्याही जमिनीवर उभे राहिले की त्यांना आधी तिचा सातबारा दिसतो, मग झाडं, मग घर. गेल्या वर्षी ते तीन महिने आमच्याकडे सिडनीला होते. एका शनिवारी दुपारी त्यांना एलिझाबेथ फार्म बघायला नेलं. हॅरिस पार्कमधल्या आमच्या फ्लॅटपासून चालत पंधरा-वीस मिनिटं. निघताना विग्रम स्ट्रीटवर डोसे आणि छोले-भटुऱ्यांचा घमघमाट, पुढे नुसत्या फ्लॅटच्या इमारती, आणि त्यांच्या मागे अचानक एक बसकं, लांबोडकं घर. पुढे रुंद व्हरांडा, बारीक खांब, आणि छप्पर इतकं खाली ओढलेलं की उन्हाला आत यायला वाव नाही.

“हा तर आपला डाकबंगला,” नाना म्हणाले.

आत शिरताना त्यांनी सवयीने हात पाठीमागे बांधले. आपल्याकडच्या संग्रहालयांनी लावलेली शिस्त. इथे मात्र दोऱ्या नाहीत, काचा नाहीत. घरातलं सामान जुन्यावरून नव्याने घडवलेलं आहे, त्यामुळे खुर्चीत बसा, कपाट उघडा, कुणी हटकत नाही. नाना व्हरांड्यातल्या खुर्चीत टेकले आणि मी मला माहीत होतं तेवढं सांगायला सुरुवात केली. १७९३ साली लेफ्टनंट गव्हर्नर फ्रान्सिस ग्रोसने जॉन मॅकआर्थर या लष्करी अधिकाऱ्याला इथली १०० एकर जमीन दिली, त्याने तिला बायकोचं नाव दिलं आणि हे घर बांधलं.

“दिली म्हणजे? ग्रोसच्या नावावर होती का?”

“नाही. सरकारची होती.”

“सरकारकडं कुठनं आली?”

मी काहीतरी पुटपुटले.

“बरं, पहिल्या फेरफाराला देणाराचं नाव काय लावलंय?”

फेरफार म्हणजे जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेल्याची नोंद. पहिल्या नोंदीतलं देणाऱ्याचं नाव मला सांगता आलं नाही. अकरा वर्षं मी या भागात राहते.

नानांचा प्रश्न कारकुनी होता. पण वसाहतीच्या पहिल्या दिवसांतलं शेतघर ‘वारसा’ म्हणून का जपायचं, यावर मी आजवर जे काही वाचलं-ऐकलं, त्यापेक्षा या प्रश्नाने मला पुढे नेलं. म्हणून हा लेख.

नेहमीचं उत्तर असं: हे घर जुनं आहे. ऑस्ट्रेलियात आज उभ्या असलेल्या युरोपीय बांधकामांत ते सर्वांत जुन्यांपैकी एक मानलं जातं. मॅकआर्थरने १७९४ साली भावाला लिहिलेल्या पत्रात घराचं माप दिलंय: ६८ फूट लांब, १८ फूट रुंद, विटांचं, वर मजला नाही, चार खोल्या, दिवाणखाना, तळघर, शेजारी स्वयंपाकघर. १८२० च्या दशकात याच घराला वाढवून, नटवून आजचं रूप दिलं गेलं. मूळची कॉटेज त्याच्या पोटात आहे. हे सांगितलं तेव्हा नाना उठले आणि व्हरांडा पावलांनी मोजून आले. त्यांचा हिशोब अर्थातच जुळला नाही.

पण ‘जुनं’ या शब्दाने साताऱ्याकडच्या माणसाला काय वाटणार? १७९३ म्हणजे पुण्यात सवाई माधवराव गादीवर आणि महादजी शिंदे अजून हयात. वाईचा ढोल्या गणपती १७६२ चा, म्हणजे तो या घराहून तीस वर्षांनी थोरला. आपण त्याला ‘जुना’ म्हणत नाही, त्याच्या पायरीवर बसून भेळ खातो. वय हा वारशाचा फार कच्चा पुरावा आहे, आणि ऑस्ट्रेलियात तर तो उलटतो. ज्या भूमीवर माणूस हजारो वर्षं राहतोय तिथे सव्वादोनशे वर्षांच्या विटांना ‘सर्वांत जुनं’ म्हणताना आधीचं सगळं खोडावं लागतं.

ऑस्ट्रेलियातल्या वारसातज्ज्ञांना हे कळत नाही असं नाही. १९७९ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरा या तांब्याच्या खाणींच्या गावी त्यांनी एक सनद केली, तिला बरा सनद म्हणतात. जागेचं महत्त्व सौंदर्य, इतिहास, शास्त्र, समाज अशा कसोट्यांवर ठरवावं असं ती सांगते. १९९९ मध्ये त्यात आध्यात्मिक मूल्याची भर पडली. जुन्या वास्तूला हात लावताना गरजेपुरता लावा, त्याहून जास्त नको, हे तिचं गाजलेलं सूत्र. पुण्यात वाडा पाडताना दरवाजा आणि खांब तेवढे जुन्या बाजारात विकणाऱ्या आपल्यासारख्यांनी ती सनद एकदा तरी वाचावी. पण सनदेतही ‘महत्त्व’ मोजायचं म्हणजे कुणाच्या नजरेने, हा प्रश्न माणसांवरच सोडलेला आहे.

दुसरं नेहमीचं उत्तर ‘पहिले’पणाचं. आले, जंगल तोडलं, नांगर धरला, देश उभा केला. यातलं नांगर धरणं खरं आहे, पण आधी काही नव्हतं हे साफ खोटं. पॅरामॅटा हे नावच मुळात बरामाटा, म्हणजे ईल मासे जिथे पहुडतात ती जागा. धरुग लोकांपैकी बरामाटागल कुळाची ही नदी, हे मासे, हा काठ. १७८८ साली ब्रिटिशांची जहाजं आली, १७८९ साली देवीच्या साथीने सिडनीभोवतीच्या मूळ रहिवाशांची वाताहत झाली. घराचा पाया खणला गेला तो या साथीनंतर जेमतेम चार वर्षांनी. म्हणजे मॅकआर्थरला मोकळं दिसलेलं रान मोकळं नव्हतं, नुकतंच ओस पडलेलं होतं.

कायद्याच्या भाषेत ब्रिटिशांनी हा खंड कुणाच्याही मालकीचा नाही असं गृहीत धरलं. आपल्या महसुली भाषेत सांगायचं तर आख्खा ऑस्ट्रेलिया ‘बिनआकारी पड’. पडीला मालक नसतो, मग फेरफाराची नोटीस द्यायची कुणाला?

हरकती मात्र आल्या. बिजिगल कुळाच्या पेमुलवॉयने बारा वर्षं वस्त्या आणि मळे यांच्यावर हल्ले केले. मार्च १७९७ मध्ये तो माणसं घेऊन थेट पॅरामॅटात आला, गोळ्या लागून जायबंदी झाला, बेड्यांसकट निसटला, आणि १८०२ मध्ये मारला गेला. एलिझाबेथ मॅकआर्थर तेव्हा याच घरात मुलं वाढवत होती.

याहून बोलका प्रकार १८३५ सालचा. जॉन बॅटमन नावाच्या माणसाने आज जिथे मेलबर्न आहे तिथल्या वुरुंजेरी वडीलधाऱ्यांबरोबर करार केला: ब्लँकेटं, कुऱ्हाडी, सुऱ्या, पीठ यांच्या बदल्यात लाखो एकर. करार लबाडीचाच होता. पण गव्हर्नर बोर्कने तो रद्द केला तो या लबाडीसाठी नव्हे. जमीन ब्रिटिश राजाची असताना मूळ रहिवाशांशी व्यवहार करणारा तू कोण, एवढंच त्याचं म्हणणं. फेरफाराच्या रकान्यात देणाऱ्याचं नाव लागलं असतं तर देणारा मालक होता हे मान्य करावं लागलं असतं. ती मान्यता द्यायला ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाला ३ जून १९९२ उजाडावा लागला, माबो खटल्यात. एलिझाबेथ फार्म तोवर १९९ वर्षांचं झालं होतं.

या देशातली जमिनीची नोंदणी आणखी एक गंमत करते. आपला सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही, हे कोणीही तलाठी शपथेवर सांगेल; वाद झाला की मागचे फेरफार उकरावे लागतात. इथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून टॉरेन्स पद्धत आली. तीत सरकारी नोंदवहीत नाव लागलं की मालकी पक्की, मागची साखळी बघायची गरजच उरत नाही. व्यवहाराला फार सोयीची पद्धत. मी स्वतः तिच्या जोरावर फ्लॅट घेतला, वकिलाने पंधरा दिवसांत काम उरकलं. पण तिच्यामुळे मागे वळून न बघणं हा इथल्या घरमालकांचा कायदेशीर हक्कच होऊन बसला. कागद मागे जात नाही. मागे जातं ते हे घर. १७९३ चं दान, १८८१ साली मॅकआर्थर वारसांनी विकलेली इस्टेट, मग पडलेले प्लॉट, १९०४ साली मोडकळीला आलेलं घर घेऊन ते राहतं ठेवणारं स्वान कुटुंब, १९६८ साली विश्वस्तांनी केलेली खरेदी, १९८० च्या दशकात उघडलेलं संग्रहालय: या सगळ्या नोंदी एका छपराखाली बघायला मिळतात, आणि बघता बघता पहिल्या नोंदीपाशी आपण अडतो. माझ्या मते या घराचं महत्त्व या अडण्यात आहे. ‘जुनं’ आणि ‘पहिलं’ ही दोन्ही कारणं त्याच्यापुढे किरकोळ.

सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ म्हणून एक रकाना असतो. कूळ, बोजा, विहिरीतला हिस्सा, वाटेचा हक्क. कसबी तलाठी आधी तो वाचतो, कारण मालकाच्या नावापेक्षा जमिनीची खरी गोष्ट तिथे असते. या घराच्या इतर हक्कांत काय काय निघतं बघा. विटा, सुतारकाम, शेत, मेंढरं हे सगळं चालत होतं ते प्रामुख्याने शिक्षा भोगायला आणलेल्या कैद्यांच्या श्रमावर. त्यांचं एकही नाव फार्मला नाही. नाव ज्या एलिझाबेथचं आहे, तिचा नवरा एका अधिकाऱ्याशी द्वंद्व लढल्यावरून १८०१ मध्ये इंग्लंडला धाडला गेला तो १८०५ ला परतला. पुढे २६ जानेवारी १८०८ ला गव्हर्नर ब्लायला पदच्युत करणाऱ्या बंडात त्याचा हात होता, त्यापायी १८०९ ते १८१७ पुन्हा बाहेर. म्हणजे बारा वर्षं मळा, मेंढरं आणि लोकरीचा व्यवहार बाईने ओढला. आणि १९६६ साली दोन डॉलरची नोट निघाली तेव्हा तिच्यावर मेरिनो एडक्याशेजारी छापलं जॉनचं तोंड.

(ती नोट १९८८ मध्ये जाऊन नाणं आलं. नाण्यावर आहे एक मूलनिवासी वृद्ध. रकाना कधी भरलाच तर असा गुपचूप भरतो.)

आणि एक नोंद आपल्याशी नातं सांगणारी. ऑस्ट्रेलियाची लोकर म्हटलं की स्पेनचे मेरिनो आठवतात, आणि मॅकआर्थरने १८०४ साली इंग्लंडच्या राजाच्या कळपातून घेतलेली मेंढरं. पण त्याची सुरुवात झाली कलकत्त्याहून आलेल्या साठ बंगाली मेंढ्यांनी आणि कोकरांनी, १७९४ साली. त्या मेंढ्यांच्या अंगावर लोकर कसली, राठ केस होते. त्यांना आयरिश मेंढ्यांत मिसळल्यावर पुढच्या पिढीच्या अंगावर केस आणि लोकर यांचं मिश्रण दिसायला लागलं, आणि त्यावरूनच आपल्याला बारीक लोकरीची कल्पना सुचली, असं मॅकआर्थर स्वतः सांगून गेला आहे. नानांना हे फार आवडलं. त्यांच्या नोकरीतली बरीच वर्षं माणदेशात, धनगरांच्या वाड्यांवर गेली.

व्हरांडा आणि बंगला हे शब्द इंग्रजांनी हिंदुस्थानातून उचलले आणि पलटणींबरोबर तसली घरंही इकडे आणली. याच १७९३ साली मुंबईत लॅकलन मॅक्वारी नावाचा एक स्कॉटिश अधिकारी लग्न करत होता. तो पुढे १८१० मध्ये इथला गव्हर्नर झाला. त्याच्याच हुकमावरून निघालेल्या फौजेने १७ एप्रिल १८१६ ला अॅपिनपाशी धरावल लोकांची कत्तल केली, निदान चौदा माणसं मारली गेली. साम्राज्याचा हा एकच धंदा होता, आपण त्याच्या एका पेढीवर आणि बरामाटागल दुसऱ्या पेढीवर. फरक एवढाच की आपल्याकडे त्यांना सारा वसूल करायचा होता, म्हणून खातेदार लागत होता. इथे जमीनच हवी होती, खातेदार अडचणीचा.

आता विरोधातली मतं. आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींत हा विषय निघतो तेव्हा पहिला सूर असतो: गोऱ्यांचं घर, गोऱ्यांचा इतिहास, आपला काय संबंध? दुसरा सूर याहून व्यवहारी: सिडनीत भाड्याने माणसं हैराण झालीत, पॅरामॅटासारख्या ठिकाणी बसकी घरं आणि बागा जपणं ही चैन आहे. या दुसऱ्या मताला मी हसणार नाही, भाड्याचे दिवस मीही काढलेत. पण मग हिशोब नीट करू. या घराशेजारीच रोझहिल रेसकोर्स आहे, १८८५ सालचा, मॅकआर्थरच्याच इस्टेटीतून निघालेल्या जमिनीवर. तिथे २५,००० घरं बांधायची योजना आली होती. मे २०२५ मध्ये रेसकोर्स चालवणाऱ्या क्लबच्या सभासदांनी मतदान करून ती नाकारली. घोड्यांसाठी केवढं मैदान राहिलं, आणि आपण बोट दाखवायचं चार खोल्यांच्या घराकडे? पॅरामॅटातच विलो ग्रोव्ह नावाचं एकोणिसाव्या शतकातलं घर २०२१ मध्ये उतरवलं, तेही फ्लॅटसाठी नाही, संग्रहालयासाठी. त्याला बांधकाम कामगारांच्या युनियनने विरोध केला होता. १९७१ साली सिडनीत याच क्षेत्रातल्या कामगारांनी जॅक मंडीच्या नेतृत्वाखाली असं काम करायला नकार देण्याची प्रथा पाडली. जुनी घरं जपणं हा श्रीमंतांचा छंद आहे, हे निदान या शहराच्या बाबतीत खरं नाही.

तिसरा सूर मला सर्वांत अवघड जातो, कारण त्यात दम आहे. ही लुटीची वास्तू. तिला रंगरंगोटी करून, बागेत गुलाब लावून, शाळेच्या सहली आणून आपण लुटीचा सोहळा करतो. पडू दे ना. मी बराच काळ याच मताची होते. पण पाडून होतं काय? बरामाटागलांना एक इंचही परत मिळत नाही. जागेवर सात मजले उभे राहतात, त्यांचे सत्तर नवे मालक टॉरेन्सच्या वहीत स्वच्छ, निष्पाप नावाने चढतात, आणि पहिल्या फेरफाराबद्दल विचारायला जागाच उरत नाही. चोरीचा माल पुरावा म्हणून न्यायालयात जपून ठेवतात, तो चोराच्या कौतुकासाठी नसतो.

जपायचं तर मग कसं, इथे माझं भांडण सुरू होतं. इथल्या प्रत्येक समारंभात आधी भूमीच्या पारंपरिक राखणदारांचं स्मरण करतात. चांगली प्रथा आहे, पण सत्यनारायणाच्या संकल्पासारखी ती झपझप म्हटली जाते आणि लगेच मुख्य कार्यक्रम सुरू. कायद्याकडे बघितलं की हा फरक उघडा पडतो. न्यू साउथ वेल्समध्ये एलिझाबेथ फार्मसारख्या वास्तूला १९७७ च्या वारसा कायद्याचं संरक्षण आहे. मूलनिवासींच्या जागा आणि वस्तू मात्र मुख्यतः १९७४ च्या राष्ट्रीय उद्यानं आणि वन्यजीव कायद्याखाली येतात, कांगारू आणि पोपटांच्या पंक्तीला. त्यांच्यासाठी स्वतंत्र कायद्याची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे, कायदा अद्याप झालेला नाही. देशाच्या पश्चिम टोकाला मे २०२० मध्ये रिओ टिंटो या खाण कंपनीने जूकन घळीतल्या, ४६,००० वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा असलेल्या गुहा सुरुंगाने उडवल्या. रीतसर परवानगी काढून. ६८ फुटांच्या घराचं रूप बदलायचं तर परवानगी लागते, आणि तिकडे परवानगी मिळते ती उडवायची.

म्हणून शेतघराचं संवर्धन आणि मूलनिवासी वारशाचा कायदा हे दोन वेगळे विषय आहेत असं मला वाटत नाही. ज्या राज्याला घराची वीट न् वीट मोजता येते, त्याला त्याच घराखालच्या मातीचा आणि नदीकाठाचा हिशोबही त्याच वहीत ठेवता आला पाहिजे. घराच्या नोंदीत ‘महत्त्व’ लिहिताना धरुग लोकांना मत विचारून थांबू नये, मजकूर त्यांना लिहू द्यावा. त्यांनी व्हरांड्याबद्दल चार ओळी आणि नदीबद्दल चाळीस लिहिल्या तर तेच खरं प्रमाण समजावं.

आणि आमच्या ‘आपला काय संबंध’ला उत्तर असं की हॅरिस पार्क हे नाव ज्या डॉक्टर जॉन हॅरिसचं, त्याने १७९३ मध्ये जेम्स रूज या माजी कैद्याकडून ४० पौंडांत एक्सपेरिमेंट फार्म विकत घेतलं. इथली कौलारू, लाकडी घरं आज आपल्या लोकांच्या उपाहारगृहांनी गजबजलीत, मी त्यांच्याच पलीकडे हप्ते फेडते. त्या साखळीत शेवटची कडी आपली आहे. मॅकआर्थरला जमीन ज्या तऱ्हेच्या फेरफाराने मिळाली, तशाच फेरफारावर माझाही फेरफार चढलाय. मी इथे पाहुणी नाही, हितसंबंधित आहे, आणि हितसंबंधितांना नोटीस मिळाली की हरकती व सूचना द्यायच्या असतात. गेली दोन वर्षं कौन्सिलचे आराखडे लोकांपुढे ठेवले जातात तेव्हा मी चार ओळी तरी पाठवते.

त्या शनिवारी निघताना दाराशी अभिप्रायाची वही होती. नानांनी चष्मा लावला आणि सरकारी अक्षरात पूर्ण नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा सातारा असं लिहिलं. खाली: घर उत्तम ठेवले आहे. त्याखाली: मूळ खातेदार. तिथे पेन थांबवून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“नाव सांग. नीट सांग, वेलांटी-काना चुकायला नको.”

मी फोन काढला आणि शोधायला लागले. मागे रांगेत एक जोडपं उभं होतं, त्यांना मी आधी जाऊ दिलं.